गाडीची डावी बाजू

डर्वलाने गाडीला मेण लावलं ते लाज झाकायला, आणि होऊन बसलं भलतंच.

गाडी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर तिच्याकडे आलेली. निळा रंग अजून बरा होता. पण बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, जे जे म्हणून काळं प्लॅस्टिक होतं ते सगळं आयर्लंडच्या मेयो किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने करडं पडलं होतं, विझलेल्या शेगडीतल्या राखेसारखं. एरवी कोण बघतंय? पण शनिवारी लेकीचं, उनाचं, पहिलं कम्युनियन होतं, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी. वर्गातल्या मुली छोट्या नववधूंसारख्या पांढऱ्या झग्यांत चर्चला येणार, आणि त्यांच्यामागे अख्खं गाव. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायला थोडं, कोण कशातून उतरतंय ते बघायला जास्त. उनाचा बाप कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून डर्वलाला गावाची नजर पाठीवरसुद्धा कळायची. लेकीच्या झग्याची शिवण तिने उसवून पुन्हा घातली होती, बुटांचे बंद इस्त्री केले होते. गाडी तेवढी राहिली होती.

म्हणून मंगळवारी पेट्रोल पंपामागच्या धुण्याच्या जागेत तिने गाडी लावली आणि डबीतलं मेण सगळीकडे फासलं. निळ्यावर ते छान चमकलं. काळ्यावर मात्र वाळून पांढरे फराटे उमटले. पुसावेत तितके जास्तच खडबडीत खाचांत जाऊन बसले.

"दाढी करताय का तिची?"

आवाज शेजारच्या गाडीकडून आला. तिने वळून पाहिलं. बाह्या वर सरकवलेला, केस ओले, हातात बादली—आणि चेहऱ्यावर हसू आवरायचा अगदी अपुरा प्रयत्न. डर्वलाचे कान तापले. पण जीभ शाबूत होती.

"हो. फेस उरला तर शेजाऱ्यांचीही करून देईन," ती त्याच्या हनुवटीवरच्या खुंटांकडे बघत म्हणाली.

त्याने हनुवटी चाचपली आणि खरंच हसला. मग बादलीतून जुना दात घासायचा ब्रश काढून तिच्यापुढे धरला. तो दाताचा राहिलेला नाही, आईच्या गाडीसाठीच ठेवलाय, असंही गंभीरपणे सांगितलं.

तो कॉर्मक. ब्रोनाचा धाकटा भाऊ. ब्रोनाची कीवा उनाच्याच वर्गात, आणि ब्रोनाची जीभ गावात प्रसिद्ध. कॉर्मक शेजारच्याच जिल्ह्यातल्या गॉलवे शहरात नकाशे काढायचं काम करायचा. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर तेच काम इथून चाललं होतं. भाचीच्या कम्युनियनला आईला आपल्याच गाडीतून यायचं होतं, आणि तिचेही बंपर असेच करडे, म्हणून ही खटपट.

दोघांनी मिळून फराटे काढले. साबणाचं कोमट पाणी, ब्रश गोल गोल, मग फडकं. तो सांगत गेला, तेही स्वतःची टिंगल करत करत, कारण त्यालाही हे सगळं चुकूनमाकूनच कळलेलं. आधी मळ आणि तेलकटपणा पूर्ण घालवायचा. वाळू द्यायचं. मग बाटलीतलं काळं औषध फडक्यावर थोडंसं घेऊन पातळ चोळायचं, जरा थांबायचं...

"आणि उरलेलं पुसून टाकायचं," तो म्हणाला. "लोक तेच विसरतात. जेवढं मुरायचं तेवढं मुरतं. वर राहतं ते नुसतं लोकांच्या कपड्यांना लागतं."

"अनुभव दिसतोय."

"वडिलांनी एकदा बुटाचं पॉलिश फासलं होतं. काय दिसत होती गाडी... दिवसभर. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाच्या पँटी काळ्या."

ती हसली. किती तरी दिवसांनी असं हसू आलं, पोटातून, कुणी बघतंय का याची खात्री न करता. मग खात्री केली. पंपावरची बाई काचेआडून बघत होती.

बुधवारी पाऊस होता. पंपाच्या पत्र्याखाली, थेंबांच्या ताशात, त्यांनी पुढचा बंपर, मागचा बंपर आणि उजवी बाजू काळी केली. करड्यातून काळं वर यायला लागलं की डर्वला आपोआप श्वास धरून बसायची. ओल्या पाटीसारखा गडद, शांत काळा. फडकं एकच होतं, म्हणून कधी तिच्या हातात, कधी त्याच्या. घेताना बोटं लागायची. पहिल्यांदा दोघंही 'सॉरी' म्हणाले. नंतर म्हणाले नाहीत. उना मागच्या सीटवर बसून काचेवर वाफ सोडत चेहरे काढत होती, आणि त्यातला एक चेहरा खुंट वाढलेला होता हे डर्वलाने पाहिलं, आणि घाईघाईने पुसला.

डावी बाजू राहिली. बाटली संपली होती. नवीन आणून शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या दारातच लावून देतो, कॉर्मक म्हणाला, आणि ती हो म्हणाली. घरी जाताना तिला जाणवलं की आपण गाणं गुणगुणतोय.

ते गाणं गुरुवारी तिच्या आईनेच बंद पाडलं. नोरीन चहाला आली, टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, "ब्रोनाचा भाऊ दोनदा तुझ्या गाडीपाशी दिसला म्हणे."

"ब्रश दिला त्याने, आई."

"मी कुठे काय म्हणतेय? दुकानात दोघींनी विचारलं, म्हणून सांगितलं. कम्युनियन होईपर्यंत तरी जरा जपून, बाळा. तुझं आधीच... जाऊ दे."

ते 'जाऊ दे' डर्वलाच्या मानेवर बसलं ते उठेना. तिला स्वतःचं मंगळवारचं हसू आठवलं, पंपावरच्या बाईची नजर आठवली, आणि शरम आतून अंगभर पसरली, नुसत्या आठवणीने. तिने कॉर्मकला मेसेज लिहिला, तीनदा खोडला आणि शेवटी दोन ओळींत पाठवला: येऊ नका, मी बघेन काहीतरी, आभार.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "बरं. फक्त बुटाचं पॉलिश नको हं."

शुक्रवारी संध्याकाळी, ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं तेव्हा, डर्वलाने आपल्या वडिलांची बुटाच्या पॉलिशची डबी शोधून काढली.

तिला माहीत नव्हतं असं नाही, हीच खरी गोष्ट. पण गावातल्या दुकानात ती बाटली मिळत नव्हती, कासलबारला जायला वेळ नव्हता, आणि एक बाजू काळी नि एक करडी अशी गाडी सगळी करडी असण्याहून वाईट दिसत होती, अर्धवट टक्कल झाकल्यासारखी. तिने पॉलिश लावलं. करडं पुन्हा डोकावलं, म्हणून आणखी लावलं. पुसायला फडकं घेतलं तर काळेपणाच निघून यायला लागला. तिने फडकं ठेवून दिलं. चर्चच्या भिंतीला लागून डावी बाजू करून लावू, मग कोण जातंय तिथे, असं तिने स्वतःला समजावलं.

मुलं जातात. आई असून हे तिच्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलं. उना झग्यात इतकी गोड दिसत होती की डर्वलाला तिच्याकडे सरळ बघवेना. आवारात सगळे जमले. कॉर्मकने आईला तिच्या गाडीतून उतरवलं, घरी जाऊन स्वतःची लालचुटुक गाडी घेऊन कीवाला आणि ब्रोनाला आणलं. पांढरा शर्ट, दाढी केलेली. डर्वलाकडे बघून त्याने हनुवटीवरून बोट फिरवलं: बघा, केली. ती हसणार होती. मग नोरीन शेजारी आहे हे आठवून तिने उनाच्या डोक्यावरची ओढणी नीट केली, जी नीटच होती.

मिस्सा संपली. वर्गाचा फोटो व्हायचा होता. बाईंनी मुलांना बोलवेपर्यंत मुलं गाड्यांमधून पकडापकडी खेळायला लागली. कुणीतरी ओरडलं, कीवा वाकून भिंत आणि निळी गाडी यांच्या फटीत घुसली, पलीकडून बाहेर आली—

तिच्या पांढऱ्या झग्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळा पट्टा उमटला होता. बोटभर रुंद, सरळ, जणू पट्टी ठेवून काढलेला.

आवारातल्या माना वळल्या. मग ब्रोनाचा आवाज आला, मोठा नव्हता, म्हणून जास्त धारदार. "हे कशाचं? कुठे घासलीस तू?"

कीवाने ओठ काढले. तिला आठवत नव्हतं. ती सगळ्याच गाड्यांमधून पळाली होती. लोक आपापल्या गाड्यांकडे बघायला लागले. डर्वलाला एक वाक्य म्हणायचं होतं फक्त. माझ्या गाडीचं आहे, चूक झाली, माफ कर. वाक्य तोंडात तयार होतं. पण सगळे चेहरे, नोरीनचा चेहरा, दुकानातल्या दोघी... तिने मान वर केली आणि नजर थेट कॉर्मकवर पडली.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला.

"माझ्या गाडीचं असेल," तो म्हणाला. "काल काहीतरी चोळत बसलो होतो. सॉरी, ब्रोना."

ब्रोना त्याच्याकडे वळली आणि मग सगळ्या गावादेखत त्याची अशी काही हजामत झाली की धर्मगुरू उगाचच कुणाच्या तरी आजोबांशी हवामानावर बोलू लागले. त्याला लहानपणापासून एक काम धड येत नाही, बाप तसा लेक, आईचा लाडोबा, सगळं निघालं. तो ऐकत उभा राहिला. कीवाला फोटोत मागच्या ओळीत, उंच मुलांच्या आड उभं केलं. ती रडली.

डर्वलाने काहीच केलं नाही. तिने उनाचा फोटो काढला. फोटो हलला.

नंतर हॉलमध्ये पालकांनी ठेवलेला चहा झाला. कॉर्मक एकदा कप घेऊन तिच्या दिशेने निघाला. तिने पाठ फिरवून सँडविचच्या थाळीवरचा कागद घडी घातला. पुन्हा उलगडला. पुन्हा घातला. वळून पाहिलं तेव्हा तो निघून गेला होता.

दुपारी ब्रोनाकडे सगळ्या वर्गाला बोलावलेलं. अंगणात उड्या मारायचा हवेचा किल्ला आणलेला. आपण जायचं नाही, पोट दुखतंय म्हणून सांगू, असं डर्वलाने ठरवलं. तिने गाडी घराकडे वळवली. मागून उनाचा आवाज आला.

"आई, नुसतं गप्प बसलं तर ते फादरना सांगायचं असतं का?"

मार्चमध्ये तिच्या वर्गाचं पहिलं कन्फेशन झालं होतं. काय सांगू म्हणून उना आठवडाभर पाप शोधत फिरली होती. शेवटी चोरून खाल्लेलं एक बिस्कीट सापडलं होतं.

"कोण गप्प बसलं?" डर्वलाने विचारलं, आणि विचारतानाच तिला स्वतःच्या भित्रेपणाची किळस आली.

आरशात उनाचे डोळे दिसत होते. त्यांत दोष नव्हता, कुतूहल होतं. खोटं बोललेली आई पोरीने पहिल्यांदाच पाहिली होती आणि ती कशी दिसते ते नीट बघून घेत होती.

डर्वलाने चौकात गाडी परत फिरवली.

ब्रोनाच्या अंगणात खुर्च्या, केक, किल्ल्यावर किंचाळणारी पोरं. नोरीनसुद्धा होती, कॉर्मकच्या आईशेजारी. कॉर्मक बादली घेऊन कुंपणापाशी मुलांचे बूट धूत होता. त्याने मान वर केली नाही. डर्वला सरळ ब्रोनासमोर जाऊन उभी राहिली. आवाज फाटू नये म्हणून तिने वाक्य लहान ठेवलं.

"तो डाग माझ्या गाडीचा. मी बुटाचं पॉलिश लावलं होतं. तुझ्या भावाने मला आधीच नको म्हणून सांगितलं होतं, तरी लावलं. आणि मघाशी बोलायची माझी हिंमत झाली नाही."

नोरीनचा कप बशीवर वाजला. ब्रोनाने सुरीला लागलेलं क्रीम निवांत चाटलं.

"माहितीये," ती म्हणाली.

"...माहितीये?"

"अगं, त्याची गाडी बघ तरी. बंपरसकट लाल आहे, टोमॅटोसारखी. काळं प्लॅस्टिक औषधाला नाही त्यात. मला तिथल्या तिथेच कळलं. मी काय करणार होते, भर आवारात तुला ओढणार होते? त्याला झापलं, मन मोकळं केलं, आणि वाट बघत बसले." ती थांबली. "संध्याकाळपर्यंत आली नसतीस ना, तर मात्र आयुष्यात तुझ्याशी बोलले नसते. हे खरं सांगते."

डर्वलाने कुंपणापलीकडे उभ्या लाल गाडीकडे पाहिलं. टोकापासून टोकापर्यंत लाल. म्हणजे त्याचं खोटं कुणाहीकडून एका नजरेत पकडलं जाणारं होतं, आणि त्याला ते माहीत होतं. तिला रडू आलं, पण आधी कीवाकडे जायचं होतं. ती किल्ल्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि कीवाची माफी मागितली, मोठ्या माणसाची मागावी तशी. कीवाच्या झग्यावर एव्हाना गवत, चॉकलेट आणि आणखी काहीतरी गुलाबी होतं. ती विचार करून म्हणाली, "मी मागच्या ओळीत होते."

"हो. माझ्यामुळे."

"मग आता मी आणि उना पुढच्या ओळीत. दोघीच. आणि डाग दिसला पाहिजे."

तो फोटो डर्वलाने काढला. हलला नाही.

मग ती गाडीपाशी गेली. डावी बाजू उन्हात चकाकत होती, बेशरम काळी. मध्येच कीवाने पुसून नेलेली करडी रेघ. मागून बादली ठेवल्याचा आवाज आला. ओला ब्रश तिच्या हातात आला, तोच दात घासायचा.

दोघं खाली वाकून घासू लागले. काळं पाणी रस्त्यावर ओघळत होतं.

"का केलंत तुम्ही असं?" तिने शेवटी विचारलं.

"मंगळवारी फराटे पडले होते, तेव्हाही तू आवारात बघितलंस तशीच बघत होतीस." 'तू' कधी आलं ते त्यालाही कळलं नसावं. "मला वाटलं, हिला ब्रश हवाय."

ती हसली नाही. "मी तुम्हाला बोलणी खाऊ दिली. आणि वर पाठ फिरवली."

"हो." तो घासायचा थांबला. "बोलण्यांचं काही नाही, ब्रोनाची मला सवय आहे. पाठ फिरवलीस ते लागलं. आणि गुरुवारचा मेसेजही. मी बाटली आणून ठेवली होती, डर्वला. मला वाटलं, माझ्याबरोबर दिसायची लाज वाटते तुला."

"तुमची नाही." ब्रशचे केस तिच्या अंगठ्याखाली वाकत होते, उठत होते. "लोकांना दिसेल म्हणून... तुम्ही येणं मला किती आवडतंय ते. चेहऱ्यावर दिसतं माझ्या. मग तुम्ही महिन्याने गॉलवेला जाल आणि मी पुन्हा इथेच, सगळ्यांना माहीत असलेली..."

"गॉलवे काही ऑस्ट्रेलिया नाही," तो हळूच म्हणाला. "मी नकाशे काढतो. मला माहितीये."

आता मात्र ती हसली, नाक ओढत, डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत. त्याने खिशातून नवी बाटली काढली. ती त्याच्या गाडीत नव्हती, घरी नव्हती; पार्टीच्या कपड्यांच्या खिशात होती. त्याने फडक्यावर थोडंसं ओतलं. तिने चोळलं, पातळ. करड्यातून काळं वर आलं. दोघं थांबले, जरा वेळ, ठरल्याप्रमाणे.

"आता उरलेलं पुसायचं," ती म्हणाली.

"हं. वर राहिलेलं तेवढं."

त्याने तिच्या गालावरचा काळा ठिपका पुसायला हात वर केला, आणि तो हात तिथेच राहिला. तिने या वेळी मागे वळून कोण बघतंय ते पाहिलं नाही. समुद्राकडून आलेली एक बारीक सर दोघांवरून गेली आणि पुढे शेतांकडे निघून गेली. तिने त्याला जवळ घेतलं तेव्हा आपले हात कसे आहेत हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

केक खायला हाक आली म्हणून ते अंगणात गेले. कॉर्मक पुढे, डर्वला दोन पावलं मागे. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, एक काळा पंजा उमटला होता. पाचही बोटं स्वच्छ.

ब्रोनाने भुवई उचलली. नोरीनने डर्वलाकडे पाहिलं, मग घाईने आपल्या कपाकडे.

"हा डाग कुणाचा?" उनाने विचारलं, अंगणभर ऐकू जाईल असं.

डर्वलाचे कान तापले, मान तापली, सगळं पूर्वीसारखंच झालं. फक्त तिने मान खाली घातली नाही. काळा हात वर केला.

"माझा," ती म्हणाली.